बापाची गाडी, लेकाची गाडी

आपल्या समाजात गॅरेजचा धंदा घराघरांत पोचलेला आहे. कुणाचे मामू इंजिनचे मिस्त्री, कुणाचे चाचा डेंटिंग-पेंटिंग करणारे, कुणाचा मुलगा आयटीआय करून वर्कशॉपमध्ये लागलेला. अशा घरात दस्तरखानावर गाड्यांचा विषय निघाला की वाद ठरलेला. जुनी माणसे म्हणतात, जुन्या गाडीची सर नव्या गाडीला नाही. एक पाना आणि एक पक्कड असली की रस्त्यातच दुरुस्त होत होती. तरुण म्हणतात, त्या गाड्यांत ना ब्रेकचा भरवसा, ना बसणाऱ्याच्या जिवाची काळजी. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असते, म्हणून वाद मिटत नाही.

हाच वाद शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत एका बाप-लेकात झाला. बाप होते मोटार-उद्योगातले बडे नाव हेन्री फोर्ड आणि मुलगा होता एडसेल फोर्ड. बापाची गाडी होती 'मॉडेल टी'. मुलाच्या आग्रहातून, आणि बाजाराने दिलेल्या दणक्यातून, पुढे जी गाडी आली ती 'मॉडेल ए'. कंपनी एकच, घर एकच; पण गाड्या दोन स्वभावांच्या. या लेखात आम्ही त्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करून पाहणार आहोत. त्याला आणखी एक कारण आहे. त्या गाड्या बनवणाऱ्या हातांत आपल्या दीनी भावांचेही हात होते, आणि गाडी बदलली तशी त्यांची वस्तीही बदलली. ही हकीकत मराठीत फारशी सांगितली गेलेली नाही.

शेतकऱ्याच्या दाराशी आलेली गाडी

मॉडेल टी बाजारात आली ती १ ऑक्टोबर १९०८ रोजी. त्या काळी अमेरिकेतही मोटार म्हणजे श्रीमंतांची हौस होती. शहराबाहेर रस्ते म्हणजे चिखल, खड्डे आणि बैलगाडीच्या चाकोऱ्यांसारख्या चाकोऱ्या. हेन्री फोर्ड स्वतः शेतकऱ्याच्या घरात वाढलेले होते. त्यांना हवी होती हलकी, उंच, मजबूत आणि कुणालाही दुरुस्त करता येईल अशी गाडी. त्यांनी ती तशीच बनवली. व्हॅनेडियम मिसळलेले चिवट पोलाद वापरल्यामुळे गाडी वजनाला हलकी राहूनही खड्ड्यांत तुटत नसे. इंजिन चार सिलिंडरचे, २.९ लिटरचे, ताकद २० अश्वशक्ती. वेग जास्तीत जास्त ताशी ६५ ते ७० किलोमीटर. आजच्या हिशेबाने हे काहीच नाही. पण ज्या शेतकऱ्याला बाजाराला जायला घोडागाडीत अख्खा दिवस घालवावा लागे, त्याच्यासाठी ती दुनियाच बदलणारी चीज होती.

शेतकऱ्यांनी तिला नुसती गाडी ठेवलेच नाही. मागचे चाक जॅकवर उचलायचे, त्यावर पट्टा चढवायचा आणि त्या पट्ट्यावर लाकूड कापायची करवत नाहीतर पाण्याचा पंप चालवायचा. घरात एक इंजिन आले की त्याचा किती कामांना उपयोग करता येतो, हे गरजवंताला शिकवावे लागत नाही.

किंमतही सतत खाली येत गेली. पहिल्या वर्षी चौघांनी बसायची उघडी गाडी ८५० डॉलरला होती. १९२५ पर्यंत दोन आसनांची साधी गाडी २६० डॉलरपर्यंत उतरली. एवढी स्वस्ताई आली ती कारखान्यातल्या नव्या पद्धतीमुळे. डेट्रॉइट शहराला लागून असलेल्या हायलँड पार्क या गावी फोर्डने १९१० साली मोठा कारखाना सुरू केला आणि १९१३ साली तिथे फिरत्या पट्ट्यावर गाड्या जोडायला सुरुवात केली. पूर्वी कामगार गाडीभोवती फिरायचे. आता कामगार जागेवर उभे राहिले आणि गाडी त्यांच्यासमोरून सरकू लागली. एका चेसिसच्या जोडणीला साडेबारा तास लागत होते, ते काम दीड तासावर आले.

"काळा असेल तर कोणताही रंग घ्या," असे फोर्ड म्हणत, ही गोष्ट सर्वांनी ऐकलेली असते. प्रत्यक्षात पहिली काही वर्षे मॉडेल टी राखाडी, लाल, हिरव्या, निळ्या अशा रंगांत मिळत होती. १९१४ ते १९२५ या काळात मात्र ती फक्त काळ्या रंगात निघाली.

चालवायची कशी?

आजचा कसबी ड्रायव्हरदेखील मॉडेल टीमध्ये बसला तर गोंधळून जाईल. पायाशी तीन पेडल आहेत, पण त्यांत ॲक्सिलरेटर नाही. वेग वाढवायची दांडी स्टीअरिंगच्या खाली उजव्या हाताला. डाव्या हाताला ठिणगी मागेपुढे करायची दुसरी दांडी. डावे पेडल पूर्ण दाबले की गाडी हळू गिअरमध्ये, अर्धे दाबले की न्यूट्रल, सोडले की वेगाच्या गिअरमध्ये. मधले पेडल रिव्हर्सचे. उजवे ब्रेकचे, पण तो ब्रेक चाकांवर लागत नसे, गिअरबॉक्सच्या आतल्या भागावर लागे.

सुरू करायची तर सुरुवातीच्या काळात पुढून हँडल मारावे लागे. आपल्याकडे जुन्या ट्रकचे हँडल ज्यांनी मारले आहे त्यांना त्यातली मेहनत ठाऊक आहे आणि धोकाही. ठिणगीची दांडी चुकीच्या जागी राहिली की इंजिन उलटा झटका द्यायचे आणि मारणाऱ्याचे मनगट मोडायचे. बटण दाबून सुरू करायची सोय १९१९ पासून मिळू लागली.

पेट्रोलची टाकी होती पुढच्या सीटखाली आणि पेट्रोल आपल्या वजनाने वाहत इंजिनपर्यंत जाई. त्यामुळे टाकी कमी भरलेली असली आणि चढ मोठा लागला की पेट्रोल पोचायचेच नाही. मग लोक काय करत? गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढत! टाकीत किती पेट्रोल उरले हे पाहायचे तर सीट उचलून आत काठी बुडवावी लागे.

एवढे सगळे असूनही लोक त्या गाडीवर जीव टाकत. तिचे दोष उघडे होते आणि इलाजही ज्याच्या त्याच्या हातात होता.

पाच डॉलर आणि त्यामागची अट

स्वस्त गाडीची किंमत कुणीतरी मोजतच असते. फिरत्या पट्ट्यावर एकच बोल्ट दिवसभर आवळत राहायचे, हे काम माणसाला नकोसे होई. कामगार येत आणि महिन्याभरात निघून जात. १९१३ साली जागा भरायला किती नवी माणसे घ्यावी लागली याचा हिशेब काढला तर तो मूळ संख्येच्या साडेतीन पटींहून जास्त निघाला. तेव्हा जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने जाहीर केले की दिवसाला ५ डॉलर देऊ आणि काम नऊऐवजी आठ तासांचे करू. त्याआधीचा साधारण रोज २.३४ डॉलर होता. फाटकापुढे हजारोंची रीघ लागली.

आपण थोडा हिशेब करू. २.३४ डॉलर रोजाने ८५० डॉलरची गाडी म्हणजे ३६३ दिवसांची मजुरी. पुढे रोज ६ डॉलर झाला आणि गाडी २६० वर आली, तेव्हा तीच मजुरी सुमारे ४३ दिवसांवर उतरली. गाडी बनवणाऱ्याला गाडी घेता येऊ लागली, ही लहान गोष्ट नव्हे.

पण ते ५ डॉलर सरसकट हातात पडत नव्हते. त्यातला निम्म्याहून जास्त भाग नफ्यातला वाटा म्हणून होता आणि तो मिळण्यासाठी कामगाराचे घर 'चांगले' असावे लागे. कंपनीचे निरीक्षक घरी येत. घर स्वच्छ आहे का, दारू पिता का, बचत किती, घरात भाडेकरू किती, हे सारे विचारत. शेजाऱ्यांकडेही चौकशी करत. दारू-जुगाराला मनाई आणि बचतीचा आग्रह या गोष्टी आपल्याला पटण्यासारख्या आहेत. पण मजुरीच्या बदल्यात मालकाने आपल्या चुलीपर्यंत यावे का, हा प्रश्न उरतोच.

त्याच जानेवारीत आणखी एक गोष्ट घडली. ग्रीक आणि रशियन कामगारांचा नाताळ त्यांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे तेरा दिवस उशिरा येतो. त्या दिवशी ते कामावर आले नाहीत, म्हणून आठ-नऊशे जणांना कंपनीने काढून टाकले. अमेरिकेत राहायचे तर सण अमेरिकेच्याच तारखेला करा, असा त्याचा अर्थ. ज्यांची ईद चंद्रावर ठरते, त्यांनी हे वाचून क्षणभर थांबावे.

कारखान्याजवळची मशीद

हायलँड पार्कच्या फाटकापुढच्या रांगेत तुर्कस्तानच्या सुलतानी अमलातल्या सीरिया-लेबनॉन भागातून आलेले तरुणही होते. त्यांत ख्रिस्ती होते आणि मुस्लिमही. १९१६ साली कंपनीच्या स्वतःच्या मोजणीत असे ५५५ अरब कामगार नोंदले गेले. बहुतेक एकटे आलेले. चार पैसे जमवून गावी परतायचे, या इराद्याने. दिवसा पट्ट्यावर काम, संध्याकाळी कंपनीच्याच शाळेत इंग्रजीचे धडे, रात्री एका खोलीत पाच-सहा जणांचा संसार. आखातात गेलेल्या आपल्या कोकणातल्या मुलांची खोली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही खोली वेगळी वर्णन करून सांगायला नको.

माणूस स्थिरावू लागला की त्याला नमाजेला जागा हवी असते, जनाजा उठवायला चार माणसे हवी असतात, मुलांना कुरआन शिकवणारे कुणी हवे असते. महंमद कारौब नावाचे एक गृहस्थ सीरियातून येऊन घर-जमिनीच्या व्यवहारात सावरले होते. त्यांनी पुढाकार घेऊन, बराचसा स्वतःचा पैसा घालून, फोर्डच्या कारखान्यापासून जवळच मशीद बांधली. जून १९२१ मध्ये ईदच्या सुमारास ती खुली झाली. त्यांचे भाऊ हुसेन कारौब इमाम झाले. मशीद म्हणूनच बांधलेली अमेरिकेतली ही पहिली वास्तू, असे मानले जाते.

मॉडेल टी तेव्हा ऐन भरात होती. कारखाना जोरात, रोजगार जोरात. आणि जवळच अजानीची जागा. हे सारे असेच चालत राहील, असे तिथल्या लोकांना वाटले असेल तर त्यात नवल नाही. हेन्री फोर्ड यांनाही आपल्या गाडीबद्दल अगदी तसेच वाटत होते.

बाप ऐकेना

मॉडेल टीच्या यशाने हेन्री फोर्ड यांची एक समजूत पक्की झाली होती : लोकांना जे हवे ते आपण एकदाच आणि कायमचे देऊन टाकले आहे. पण १९२० नंतर अमेरिका बदलली. रस्ते पक्के झाले. लोकांना वेग हवा होता, पावसा-थंडीत बंद गाडी हवी होती, रंग हवे होते. बायकाही गाडी चालवू लागल्या होत्या. त्यांना हँडल मारायचे नव्हते. शेवरोलेसारख्या प्रतिस्पर्ध्यांनी हे ओळखले. एकेकाळी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक गाड्या फोर्डच्या असत. १९२६ मध्ये तो वाटा सुमारे एक तृतीयांशावर आला.

एडसेल फोर्ड १९१९ पासून कंपनीचे अध्यक्ष होते, पण नावापुरते. किल्ल्या वडिलांच्या कमरेला. एडसेल मृदू स्वभावाचे होते, चित्रकलेची आणि गाडीच्या देखणेपणाची जाण असलेले. नवी गाडी काढायला हवी, हे ते वर्षानुवर्षे सांगत राहिले आणि वडील उडवून लावत राहिले. एडसेल यांचे साडू अर्नेस्ट कँझलर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. जानेवारी १९२६ मध्ये त्यांनी धीर करून हेन्री यांना सहा पानांचे टिपण दिले : मॉडेल टीचे दिवस भरले आहेत, आपण मागे पडत आहोत. भाषा अतिशय अदबीची होती. तरीही काही महिन्यांत कँझलर यांना नोकरी सोडावी लागली.

अशी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. अब्बांनी मेहनतीने दुकान उभे केलेले असते. मुलगा म्हणतो, जमाना बदलला, आपणही थोडे बदलू. अब्बांना त्यात आपल्या मेहनतीचा अपमान दिसतो. खरे बोलणाऱ्या जावयाला किंवा भाच्याला घराबाहेरची वाट दाखवली जाते. मुलगा गप्प बसतो. आणि नुकसान दुकानाच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहिल्याशिवाय कुणी बोलत नाही.

फोर्डच्या घरात ते नुकसान १९२७ साली आले. २६ मे १९२७ रोजी दीड कोटीवी मॉडेल टी हायलँड पार्कच्या कारखान्यातून बाहेर पडली. हेन्री आणि एडसेल दोघे तिच्यात बसले. एवढ्या संख्येने निघालेली दुसरी गाडी जगात नव्हती. हा विक्रम पुढे १९७२ साली फोक्सवॅगनच्या बीटलने मोडला. आणि विक्रमाच्या त्याच वेळी मॉडेल टी बंद होत असल्याचे जाहीर झाले होते. नव्या गाडीची तयारी मात्र पुरी झालेली नव्हती. कित्येक महिने कारखान्यांतली कामे थांबली आणि हजारो कामगार घरी बसले. बापाने मुलाचे ऐकायला उशीर केला. त्याचे हप्ते कामगारांच्या चुलींनी भरले.

नवी गाडी

२ डिसेंबर १९२७ रोजी मॉडेल ए लोकांसमोर आली. ती पाहायला दुकानांपुढे इतकी गर्दी झाली की पोलीस बोलवावे लागले. आता दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करू.

इंजिन : चार सिलिंडर दोन्हींत. पण टीची ताकद २० अश्वशक्ती, तर एची ४०, म्हणजे बरोबर दुप्पट. वेग ताशी १०० किलोमीटरच्या घरात गेला.

गिअर : टीमध्ये पुढे जायचे दोनच गिअर आणि तेही पायाने बदलायचे. एमध्ये हाताने बदलायचे तीन गिअर आणि पायाशी क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. आज ज्याला गाडी चालवता येते तो मॉडेल ए थोड्या सरावाने चालवू शकेल. शिकाऊ माणसाला गिअर टाकताना करकर आवाज ऐकावा लागेल, एवढेच.

ब्रेक : टीचा पायाचा ब्रेक गिअरबॉक्सवर, एमध्ये चारही चाकांना ब्रेक.

काच : एच्या समोरच्या काचेसाठी फुटल्यावर सुऱ्यांसारखे तुकडे न होणारी सुरक्षित काच बसवली होती. स्वस्त गाडीत ही सोय नवीच होती. अपघातात काचेने चेहरे फाटत, डोळे जात. गरिबाच्या गाडीतही त्याच्या डोळ्यांची काळजी घ्यायची असते, हे मॉडेल एने मान्य केले.

पेट्रोल : एची टाकी समोरच्या काचेपुढे, उंचावर. त्यामुळे चढावर पेट्रोल अडत नसे. शिवाय समोर काटा असल्याने सीट उचलून काठी बुडवण्याची गरज उरली नाही.

रूप : हे एडसेल यांचे काम. बॉडी ठेंगणी आणि डौलदार, आणि रंग अनेक. त्यातल्या एका वाळूसारख्या रंगाचे नाव होते 'अरेबियन सँड', अरबस्तानची वाळू! तो रंग लावणाऱ्यांत खरोखरीचे अरबही असतील, हे नाव ठेवणाऱ्याच्या मनात आले होते की नाही कोण जाणे.

किंमत : सर्वांत स्वस्त मॉडेल ए ३८५ डॉलर. सहा डॉलर रोजाने सुमारे ६४ दिवसांची मजुरी. म्हणजे टीपेक्षा सुमारे २१ दिवसांची मजुरी जास्त. पण चार ब्रेक, सुरक्षित काच आणि दुप्पट ताकद यांच्या मानाने ती महाग म्हणता येणार नाही.

मॉडेल ए १९३२ पर्यंत निघाली. चार-साडेचार वर्षांत सुमारे ४८ लाख गाड्या तयार झाल्या. टी एकोणीस वर्षे चालली, ए पाच वर्षांच्या आतच. ए वाईट होती म्हणून बंद झाली नाही. मधल्या काळात फोर्डने एक धडा घेतला होता आणि पुढची गाडी वेळेवर आणली.

फोर्डने भारतात १९२६ साली कंपनी स्थापन केली आणि मुंबईत सुट्या भागांतून गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. त्यामुळे 'फोर्ड' हा शब्द आपल्या आजोबा-पणजोबांच्या कानांना अनोळखी नव्हता.

पैसे कसे मोजायचे?

या दोन गाड्यांमध्ये आणखी एक फरक आहे, आणि तो बॉनेट उघडून दिसत नाही. हेन्री फोर्ड यांना उधारीचा तिटकारा होता. प्रतिस्पर्धी कंपनी हप्त्यांवर, व्याज लावून गाड्या विकू लागली, तेव्हा फोर्डने १९२३ साली उलटी योजना काढली. गिऱ्हाइकाने दर आठवड्याला ५ डॉलर बँकेत भरायचे. किंमत पुरी झाली की गाडी न्यायची. त्या ठेवीवर बँक व्याज देई, तेव्हा योजना बिनव्याजी होती असे आम्ही म्हणणार नाही. पण तिचा गाभा आपल्या आजी-नानीच्या भिशीसारखा होता : आधी जमवा, मग घ्या.

लोकांना तेवढा धीर नव्हता. शेजारचा माणूस हप्त्यावर घेतलेल्या गाडीतून आज फिरत असताना आपण वर्षभर थांबायचे कशाला? योजना फार चालली नाही. मॉडेल ए आल्यावर १९२८ साली फोर्डनेही हप्त्यांसाठी वेगळी वित्तकंपनी उभी केली. तिचे प्रमुख कोण झाले? दोन वर्षांपूर्वी घालवलेले तेच साडू, अर्नेस्ट कँझलर.

इथे आमचे मन दुभंगते. ब्रेक आणि काच यांच्या बाबतीत मुलगा बरोबर होता. उधारीच्या बाबतीत बाप अगदीच चुकीचा होता, असे आम्हाला म्हणवत नाही. १९२९ च्या शेवटी मंदी आली तेव्हा हप्त्यांवर घेतलेल्या वस्तू अनेकांच्या दारातून उचलून नेल्या गेल्या.

म्हणून हेन्री फोर्ड यांना औलिया ठरवण्याचीही गरज नाही. त्यांच्या मालकीच्या वर्तमानपत्राने काही वर्षे ज्यू लोकांविरुद्ध विखारी मजकूर छापला आणि १९२७ सालीच त्यांना जाहीर माफी मागावी लागली. गंमत अशी की, त्यांचे मोठमोठे कारखाने ज्यांनी आखले ते वास्तुविशारद अल्बर्ट कान हे एका ज्यू धर्मगुरूचे पुत्र होते. ज्या हातांनी आपले घर बांधले त्यांच्याच कौमीला नावे ठेवण्याची ही खोड फक्त अमेरिकेतच आढळते, असे नाही.

गाडीबरोबर वस्तीही हलली

मॉडेल टीचे घर हायलँड पार्क, तर मॉडेल एचे घर डिअरबॉर्न. रूज नदीच्या काठी फोर्डने १९१७ पासून एक अवाढव्य कारखाना उभारायला घेतला होता. एका बाजूने लोखंडाची माती आणि कोळसा घेऊन जहाजे येत आणि दुसऱ्या बाजूने तयार गाडी बाहेर पडे; पोलाद, काच, सारे तिथेच. वर्षामागून वर्षे काम तिकडे सरकत गेले, आणि १९२७ मध्ये मॉडेल एची जोडणी तिथेच सुरू झाली.

काम सरकले तशी माणसे सरकली. हायलँड पार्कची मशीद तर त्याआधीच, उघडल्यानंतर काही वर्षांतच बंद पडली आणि विकली गेली. आपसांतले मतभेद, पैशाची चणचण आणि लोकांचे डिअरबॉर्नकडे निघून जाणे, अशी तिची कारणे सांगितली जातात. जिथे कौमीने पहिली वीट रचली, तिथे मुक्काम टिकला नाही.

पण गोष्ट तिथे संपली नाही. रूजच्या कारखान्याच्या सावलीत, धुराच्या लोटाखाली, डिअरबॉर्नच्या दक्षिण भागात लेबनॉनी, सीरियन, पॅलेस्टिनी आणि येमेनी कुटुंबांची नवी वस्ती झाली. आता एकटे पुरुष कमी होते. बायका-मुले आली होती. मंदीत उपासमार झाली. मार्च १९३२ मध्ये रूजच्या फाटकाशी बेकारांच्या मोर्चावर गोळीबार होऊन माणसे मेली. असल्या दिवसांतून जात या लोकांनी वर्गण्या जमवल्या आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा मशीद उभी केली. यावेळी ती एकाच्या पैशावर उभी नव्हती. अनेकांच्या थोड्या थोड्या कमाईवर ती उभी राहिली, आणि आजही तिथे नमाज होते. इमाम हुसेन कारौब पुढेही अनेक दशके त्या परिसरात निकाह, जनाजे आणि शिकवणीची खिदमत करत राहिले.

आज डिअरबॉर्नमध्ये अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या मशिदींपैकी एक आहे. २००५ साली खुली झालेली ती मशीद ज्या रस्त्यावर आहे, त्या रस्त्याचे नाव 'फोर्ड रोड'. २०२१ च्या निवडणुकीत त्या शहराने अब्दुल्ला हमूद या तरुण मुस्लिम महापौराची निवड केली. ज्या कंपनीने वेगळ्या तारखेला सण केला म्हणून माणसे काढली, तिच्याच गावात आज शाळांना ईदची सुट्टी असते.

मग सरस कोणती?

वाचक म्हणतील, इतके सांगितलेत, आता निकाल द्या.

दुरुस्तीची सोय, खडतर रस्ता आणि गरिबाला पहिल्यांदा चाक मिळवून देणे, या कसोटीवर मॉडेल टी. तिने जे केले ते तिच्याआधी कुणी केले नव्हते. बसणाऱ्याचा जीव, चालवणाऱ्याची सोय आणि दिलेल्या पैशाचा मोबदला, या कसोटीवर मॉडेल ए. आम्हाला घरच्या बायका-मुलांना घेऊन लांबच्या प्रवासाला निघायचे असेल, तर आम्ही डोळे झाकून मॉडेल एची किल्ली उचलू. चार चाकांचे ब्रेक आणि न फुटणारी काच यांच्यापुढे जुन्या आठवणींचा आग्रह आम्ही धरणार नाही.

पण दस्तरखानावरच्या वादाला हे उत्तर पुरे नाही. मॉडेल टीचा दोष तिच्या पेडलांत किंवा टाकीत नव्हता. १९०८ साली ती बरोबरच होती. चूक झाली ती १९२६ सालीही तिला १९०८ सालचीच मानण्यात. आणि मॉडेल एला जे साधले ते मॉडेल टीच्याच शिकवणीवर, टीने पोसलेल्या कारखान्यांत आणि टीवर हात बसलेल्या कामगारांकडून. मुलगा बापाच्या खांद्यावर उभा होता. बापाला तेवढे वेळीच दिसले असते तर हजारो घरांत त्या उन्हाळ्यात चूल थंड राहिली नसती.

तेव्हा घरात पुढच्या वेळी असा वाद निघाला, मग तो गाडीचा असो, दुकानाचा असो किंवा मुलीच्या शिक्षणाचा, तर मोठ्यांनी सहा पानांचे टिपण आधी वाचून घ्यावे आणि मग रागवावे. लहानांनीही ते टिपण अदबीनेच लिहावे. आणि दोघांनी मिळून एक हिशेब जरूर करावा : आपल्या हट्टाचे हप्ते कोण भरणार आहे?